अर्धा पीळ

गोल सुईवर काहीही विणायला घ्या, टोपी असो, गळपट्टा असो की स्वेटरचा गळा. नमुन्याच्या सुरुवातीलाच एक तंबी ठरलेली असते. टाके घालून झाले की गोलात जोडा, पण जोडताना पीळ पडू देऊ नका. शिकवणारी बाई तर नुसतं सांगून थांबत नाही. ती तुमच्या हातातली सुई काढून घेते, मांडीवर पसरते, टाक्यांची खालची कड बोटाने चाचपत पूर्ण वळसा घालते आणि मगच ‘हं, आता विण’ म्हणते. एवढ्या काळजीला कारण आहे. शंभर-दीडशे टाके लांब केबलवर पसरले की ते मध्येच कुठेतरी सुईभोवती गिरकी घेतात आणि नवख्या हाताला ते कळतही नाही. पहिल्या फेरीअखेर लक्षात आलं तर निभावतं. जोडाच्या जागी तेव्हा जेमतेम एक धागा असतो, तिथून पीळ सरकवून काढता येतो. चार ओळी चढल्या की मात्र उसवण्यावाचून गत्यंतर नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. लोकरीचं त्यापेक्षा बरं म्हणायचं: उसवली की पीळही जातो आणि लोकरही हाती राहते. जाते ती एक संध्याकाळ.

आता गंमत अशी, की हाच पीळ मुद्दाम घातलेले गळपट्टे गेली वीसेक वर्षं जगभर विणले जात आहेत. टोकं नसलेला, गोल, डोक्यातून गळ्यात उतरवायचा आणि समोर छातीशी एक तिरकी घडी पडणारा हा गळपट्टा. त्याला सर्रास ‘मोबियस’ म्हणतात. विणकाम करणाऱ्या बऱ्याच जणींची समजूत अशी, की टाके जोडताना चुकून जो पीळ पडतो तोच मुद्दाम पाडला की झाला मोबियस. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची, हे एकदा नीट कळलं की अख्खं प्रकरण उलगडतं. म्हणून आधी तिथेच जाऊ.

गोल सुईवर टाके घातले की त्या विणीला दोन कडा असतात. वरची कड सुईवर, म्हणजे जिवंत टाक्यांची. खालची कड, जिथून टाके सुरू झाले ती. जोडताना शेवटचा टाका पहिल्या टाक्याला भेटतो. याचा अर्थ वरची कड वरच्या कडेला मिळते आणि खालची खालच्या. मध्ये कितीही गिरक्या पडल्या तरी हे बदलत नाही, कारण वरची कड सुईवर आहे आणि सुई काही तिला खाली जाऊ देत नाही. म्हणून चुकून पडलेला पीळ हा नेहमी पूर्ण पीळ असतो: तीनशे साठ अंश, किंवा त्याच्या पटीत. अर्धा पीळ पडूच शकत नाही. आणि मोबियसला हवा असतो तो अर्धा. एकशे ऐंशी अंश. त्यासाठी वरची कड खालच्या कडेला जाऊन भेटली पाहिजे.

कागदाच्या दोन पट्ट्या कापून पाहा. एक पट्टी पूर्ण पीळ देऊन चिकटवा, दुसरी अर्धा पीळ देऊन. लांबून दोन्ही सारख्याच वेड्यावाकड्या दिसतात. आता कडेवर बोट ठेवून चालत जा. पहिल्या पट्टीवर बोट एका फेरीत निघाल्या जागी येतं आणि दुसरी कड अस्पर्श राहते. दुसऱ्या पट्टीवर एक फेरी झाली की बोट निघाल्या जागेच्या बरोबर समोरच्या कडेला असतं. आणखी एक फेरी मारली की मग घरी. म्हणजे तिला कड एकच, पृष्ठभागही एकच. कात्रीने मधोमध कापत गेलात तर पूर्ण पिळाच्या पट्टीच्या दोन पट्ट्या होतात, एकमेकींत अडकलेल्या साखळीच्या कड्या. अर्ध्या पिळाची पट्टी कापली तर तुकडे होतच नाहीत. दुप्पट लांबीची एकच पट्टी हातात येते, दोन पूर्ण पीळ पडलेली. मधोमध न कापता कडेपासून एक तृतीयांशावर कापत गेलात तर आणखी तिसरंच काही होतं. ते सांगत नाही, करून पाहा. जादूगार एकोणिसाव्या शतकापासून यावर टाळ्या घेत आले आहेत.

ही पट्टी गणितात आली १८५८ साली, आणि आली ती दोन दारांनी. ऑगस्ट फर्डिनांड मोबियस लाइपत्सिगला खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते, तिथल्या वेधशाळेचे प्रमुख, वय सदुसष्ट. योहान बेनेडिक्ट लिस्टिंग गॉटिंगेनला. दोघंही गणितज्ञ गाउसचे शिष्य. दोघांनी एकाच वर्षी, एकमेकांना काही न सांगता, ही एकाच बाजूची पट्टी कागदावर मांडली. लिस्टिंगने मोबियसच्या थोडी आधी, आणि छापलीही त्यानेच आधी, १८६१ मध्ये. मोबियसचा लेख आला १८६५ ला. पिळाचं आणि गाठींचं हे जे शास्त्र, त्याला ‘टोपॉलॉजी’ हे नाव दिलं तेही लिस्टिंगनेच, १८४७ च्या पुस्तकात. नाव मात्र पट्टीला मोबियसचं चिकटलं. लिस्टिंगवर हा अन्यायच आहे, पण तो दुरुस्त होण्यातला नाही.

शिवाय दोघांच्याही सोळाशे वर्षं आधी कुणा रोमन कारागिराने ही पट्टी फरशीत बसवलेली होती. इटलीतल्या सेंटिनम इथे सापडलेल्या, आता म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात असलेल्या मोझेकमध्ये कालदेवता आयॉन राशिचक्राच्या पट्ट्यात उभी आहे, आणि त्या पट्ट्याला पीळ आहे. तो कारागिराने समजून दिला की चित्र चांगलं दिसतं म्हणून, ते त्यालाच ठाऊक.

मराठी वाचकाला ही पट्टी तशी नवी नाही. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहात ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा आहे, आणि तिच्यामागची कल्पना या पट्टीचीच आहे. डावीकडे सोंड वळलेला गणपती उजव्या सोंडेचा कसा होईल? मूर्ती कितीही फिरवा, उलटी करा, सोंड बाजू बदलत नाही. पण मोबियस पट्टीच्या जगात एक चक्कर मारून परत आणली तर ती आरशातल्यासारखी उलटून येते. (नारळीकरांना उलटापालटीची आवड जुनीच. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं आपलीच, उलट्या क्रमाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून दिली ती पत्नी मंगलाताईंनी.) कथेतली ही कल्पना घरी तपासायची तर कागदापेक्षा विरळ विणीचा, आरपार दिसणारा गळपट्टा बरा. त्यावर रंगीत धाग्याने सोंडेचा एक छोटा आकडा काढा. मग त्याच्या शेजारी तसाच दुसरा, मग तिसरा, असे विणीला धरून पुढे पुढे सरकत एक फेरी पूर्ण करा. शेवटचा आकडा पहिल्याच्या शेजारी येईल तेव्हा तो पहिल्याची आरशातली प्रतिमा असेल.

आता सुईकडे.

गोलात विणणं ही गोष्ट अलीकडची नाही. हॅम्बुर्गच्या कुन्स्टहालेमध्ये मास्टर बर्ट्रामने १४०० च्या सुमारास रंगवलेल्या वेदीचित्रात मेरी बसून चार सुयांवर बाळ येशूचा अंगरखा विणते आहे, सांध्याविना, गोलात. आपल्याकडेही चार सुयांवर मोजे विणणाऱ्या आज्या होत्याच. पण एरवी आपलं विणकाम सरळ सुयांचं: पाठ वेगळी, पुढचे दोन भाग वेगळे, बाह्या वेगळ्या, आणि मग ते सगळं शिवायचं. बाळंतविड्यातलं टोपडंसुद्धा सपाट विणून मागे शिवलेलं. सपाट विणीवर आपला एवढा हात बसलेला असल्याने मोबियसचा पहिला मार्ग आपल्याला सहज कळतो: सरळ पट्टी विणायची, अर्धा पीळ द्यायचा आणि टोकं जोडायची.

हा मार्ग विणणाऱ्यांमध्ये रुजवण्यात एलिझाबेथ झिमरमन या बाईंचा वाटा मोठा. जन्म १९१० चा, इंग्लंडातला. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झाल्या, १९९९ ला तिथेच गेल्या. १९७१ चं त्यांचं ‘निटिंग विदाउट टीअर्स’ हे पुस्तक आजही छापलं जातं. सपाट तुकडे विणून शिवण्याचा त्यांना मनापासून कंटाळा. स्वेटर तळापासून गळ्यापर्यंत गोलात विणा, असं त्या जन्मभर सांगत राहिल्या. अशा बाईंनी मोबियस मात्र सपाट पट्टीतून केला. सगळ्या ओळी सुलट, म्हणजे दोन्ही अंगांनी सारखीच दिसणारी वीण. शेवटी अर्धा पीळ आणि टोकांचे जिवंत टाके दाभणाने एकात एक विणून घेतलेले, की सांधा शोधून सापडू नये. या जोडणीला किचनर टाका म्हणतात. किचनर म्हणजे तोच, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला, व्हाइसरॉय कर्झनशी भांडलेला लॉर्ड किचनर. सैनिकांच्या मोज्यांच्या चवड्यावर सांधा टोचू नये म्हणून हा टाका, आणि म्हणून त्याचं नाव, असं सांगतात.

गोलाच्या एवढ्या कट्टर पुरस्कर्तीला इथे सपाट पट्टीकडे का यावं लागलं? कारण वर सांगितलं तेच. गोल सुईवर एक कड असते आणि अर्ध्या पिळाला दोन्ही कडा हाताशी लागतात. ही अडचण सोडवली ती कॅट बोर्डी या शिक्षिकेने. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या सॅन हुआन बेटावर त्या राहत. २००४ साली त्यांचं ‘अ ट्रेझरी ऑफ मॅजिकल निटिंग’ आलं, पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग. २०२० च्या सप्टेंबरात त्या गेल्या. त्यांची युक्ती एका वाक्यात सांगता येते: दोन्ही कडा एकाच सुईवर घ्या. मोबियसला नाहीतरी कड एकच असते. तेव्हा ती अख्खी कड सुईवर ठेवली की काम झालं. पट्टी मधल्या रेषेपासून सुरू होते आणि वर-खाली एकाच वेळी वाढत जाते.

वाचायला हे सोपं वाटतं. हातात सुई घेतली की पहिली दहा मिनिटं सगळं अंधारात चाललेलं असतं. सरळ सुयांवर आयुष्य गेलेल्या एका नाशिकच्या काकूंना हे दाखवायला बसले होते, तेव्हा जे झालं ते तसंच सांगते.

लागते ती लांब केबलची गोल सुई. साधारण साठ सेंटीमीटर घेराच्या गळपट्ट्याला साठची सुई पुरेल असं वाटतं. इथे एकशेवीसची लागते, कारण केबलला दोनदा वळसा घ्यायचा असतो. धाग्याला सरकगाठ मारून ती सुईच्या टोकावर ठेवायची नाही. केबलच्या मधोमध नेऊन ठेवायची. काकू तिथेच अडल्या. ‘अगं, मधे कशाला? टाके टोकाशी घालतात.’ मग उजव्या हातातली सुई वळवून केबलला समांतर आणायची, म्हणजे सुई वर आणि केबल तिच्या खाली. गाठ आणि केबल डाव्या हाताच्या चिमटीत. आता सुईचं टोक केबलच्या पुढून खाली घालून मागच्या धाग्याला उचलून आणायचं: एक टाका. पुढच्या वेळी टोक केबलखाली न जाता नुसतं धाग्यावरून मागे जाऊन त्याला उचलतं: दुसरा टाका. एकदा खालून, एकदा वरून, आलटून पालटून. लय सापडली की हात भराभर चालतो. सुईवर एक टाका पडला की खाली केबलवर आपोआप एक वेढा पडत जातो, आणि तो मोजायचा नसतो. मोजायचे फक्त सुईवरचे.

काकूंनी साठपर्यंत मोजलं आणि खाली पाहिलं. ‘खाली पण तेवढेच झालेत की गं.’

झाले होतेच. सुईवर शंभर टाके घाला, प्रत्यक्षात दोनशे असतात. शंभर वर, शंभर खाली केबलवर. आता सगळं सारखं पसरून घ्यायचं. सुई आणि केबल रेल्वेच्या रुळांसारखी शेजारी शेजारी गोल धावतात, आणि एका जागी, फक्त एका जागी, एकमेकींना ओलांडतात. ती एक ओलांड म्हणजे अर्धा पीळ. बाकी फेरीभर रूळ समांतर असले पाहिजेत. दुसरीकडे कुठे वेटोळं दिसलं तर याच क्षणी सोडवायचं. पहिला टाका विणला की संधी गेली. हा एकच टप्पा जिवावरचा आहे. पुढे ढिलाई चालते, इथे नाही.

उजव्या टोकावर खुणेची कडी घालून विणायला सुरुवात. पहिल्या फेरीत काही टाके तिरके बसलेले दिसतात. ज्या टाक्याचा पुढचा पाय मागे गेलाय त्यात सुई मागून घालायची. शंभर टाके झाले की वाटतं फेरी पुरी झाली. खुणेची कडी दिसतेही, पण सुईवर नसते, खालच्या केबलवर लोंबत असते. ही अर्धीच फेरी. तसंच पुढे जायचं. आता जे टाके समोर येतात ते मघाशी खाली केबलवर पडलेले. आणखी शंभर झाले की कडी सुईच्या दोन टोकांच्या मध्ये येते. आता फेरी झाली. काकूंनी सुई खाली ठेवून गळपट्टा उचलून धरला आणि मधल्या रेषेच्या वर एक ओळ, खाली एक ओळ, अशी बोटाने मोजली. ‘दोन्हीकडून वाढतंय हे!’ त्यानंतर त्यांना मी लागले नाही.

यात श्रम वाचतात असं मात्र कुणी समजू नये. हिशेब करून पाहा. मध्यम जाड लोकर, दहा सेंटीमीटरमध्ये सोळा टाके आणि तेवीस ओळी. बासष्ट सेंटीमीटरचा घेर, चोवीस सेंटीमीटर रुंदी. मधून विणलं तर वर बारा, खाली बारा, म्हणजे साधारण अठ्ठावीस फेऱ्या, दर फेरीला दोनशे टाके. सपाट विणलं तर अडतीस-एकोणचाळीस टाक्यांच्या एकशे त्रेचाळीस ओळी. दोन्हीकडे साडेपाच हजारांच्या आसपासच उत्तर येतं. फरक शेवटी कळतो: सपाट पट्टी बंद करताना अडतीस टाके, इथे दोनशे. ती कड सव्वाशे सेंटीमीटर लांब असते आणि हात घट्ट असेल तर आवळून बसते. टाके बंद करताना एक-दोन नंबर जाड सुई घ्यावी.

मग हा खटाटोप कशासाठी? माझं मत सांगते. पट्टी शिवून केलेला मोबियस हा मोबियसच असतो; गणिताला सांध्याशी देणंघेणं नाही. पण विणीला आहे. शिवलेल्या पट्टीत ओळी आडव्या, म्हणजे गळ्याच्या उभ्या दिशेने पडतात आणि जोडाच्या जवळ पीळ एकवटतो. मधून विणलेल्यात ओळी गळ्याभोवती धावतात, पीळ सगळ्या घेरावर विभागला जातो, आणि समोरची घडी आपोआप सपाट पडते. गळ्याला चिकटून बसतो, वारा आत शिरत नाही. पूर्ण पिळाचा गळपट्टा त्या मानाने नुसता वळलेला दिसतो. समोर गोळा होतो, मान उघडीच. जोडताना मुद्दाम पीळ टाकून विणा असं सांगणारे नमुने हल्ली बरेच निघतात आणि त्यांवर बिनदिक्कत मोबियस असं लिहिलेलं असतं. विणायला हरकत नाही, शोभेला ठीक आहे. नाव तेवढं बदलावं.

सुलट-उलटचं काय होतं, हा खरा मजेचा भाग. साध्या गोल विणकामात सगळे टाके सुलट विणले की बाहेरून सगळं सुलट, आतून सगळं उलट. इथे तसं होत नाही. मधल्या रेषेपासून तुम्ही दोन विरुद्ध दिशांना वाढत आहात, आणि वर काम करताना जी बाजू तुमच्यासमोर असते, ती खाली काम करताना तुमच्या पाठीमागे असते. म्हणून सगळं सुलटच विणलंत तरी कुठल्याही जागी पाहा: रेषेच्या वर सुलट, खाली उलट. उलटवून पाहिलं तर मागेही अर्धं-अर्धंच. दोन सुलट दोन उलट अशी पट्ट्यापट्ट्यांची वीण घेतली तर वरच्या सुलट पट्टीखाली उलट पट्टी येते. वेलबुट्टी किंवा जाळीची नक्षी घेतली तर वर सरळ आणि खाली डोकं खाली. काही जणी याचाच उपयोग करून घेतात. अर्ध्या गळपट्ट्याला गुळगुळीत पोत आणि अर्ध्याला दाणेदार, तेही काही वेगळं न विणता. ज्यांना हे नको त्यांनी एक फेरी सुलट, एक उलट असं करावं, म्हणजे सगळीकडे सारखं. मला सगळं सुलट आवडतं. नक्षी न काढता नक्षी येते.

रुंदीचंही एक गणित आहे, आणि ते अगदी ताजं आहे. कागदाची पट्टी न ताणता, न फाटता मोबियस होण्यासाठी रुंदीच्या मानाने किती लांब हवी? लांबी रुंदीच्या तीनच्या वर्गमुळापटीपेक्षा, म्हणजे साधारण पावणेदोनपटीपेक्षा जास्त हवी, असा तर्क हॅल्पर्न आणि वीव्हर यांनी १९७७ मध्ये मांडला. तो सिद्ध व्हायला २०२३ उजाडावं लागलं. ब्राउन विद्यापीठातल्या रिचर्ड श्वार्ट्झ यांनी तो सिद्ध केला. लोकर ताणते, त्यामुळे तिला हा नियम लागू नाही. पण आखूड आणि रुंद गळपट्टा का चुरगळून बसतो हे त्यावरून समजतं. चोवीस सेंटीमीटर रुंदीला कागदसुद्धा बेचाळीसच्या आत वळणार नाही. आपला घेर बासष्टचा आहे, बिनधास्त.

गणिताची माणसं लोकरीकडे आणि लोकरीची माणसं गणिताकडे अशी ये-जा गेली पन्नास वर्षं चालू आहे. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या ‘युरेका’ नियतकालिकात १९७१ साली माइल्स रीड यांनी पृष्ठभाग कसे विणावेत यावर लेख लिहिला. कॉर्नेलच्या दाइना ताइमिना यांनी १९९७ मध्ये अतिपरवलयी (हायपरबोलिक) प्रतल क्रोशाने विणून दाखवलं. तोवर कागदाची तकलादू प्रतिकृती हाच वर्गातला आधार होता. सारा-मरी बेलकॅस्ट्रो आणि कॅरोलिन यॅकेल यांचं सुईकामातल्या गणितावरचं पुस्तक २००७ चं. यात कुणी कुणावर उपकार केले नाहीत. टाके मोजणाऱ्या बाईला मोजणं येतच होतं; प्राध्यापकांना वाकणारं, हातात धरता येणारं काहीतरी हवं होतं.

आपल्याकडे हे कुणी वापरायचं, असा प्रश्न येतोच. मुंबईत कुणीच नाही. पण निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या दर डिसेंबरात येतात, नागपूरची पहाट बोचरी असते, आणि मुलीच्या बाळंतपणाला म्हणून बोस्टन-शिकागोला जाणाऱ्या आया तर आता घरोघरी आहेत. शिवाय दुचाकी. पुण्यात ओढणी किंवा स्कार्फ गुंडाळून गाडी चालवणाऱ्या मुली किती आहेत ते कुठल्याही सिग्नलला दिसतं. सुटं टोक चाकात गेलं की काय होतं हे जगाने १४ सप्टेंबर १९२७ ला फ्रान्समधल्या नीसला पाहिलं. नर्तकी इसाडोरा डंकन यांची लांब ओढणी मोटारीच्या चाकात अडकली आणि त्या जागच्या जागी गेल्या. मोबियस गळपट्ट्याला टोकच नाही. सैल राहील इतका मोठा करू नका, एवढंच.

लोकर कोणती, याबद्दल आग्रह धरू नये. बाजारात वर्धमानची अॅक्रिलिक सहज मिळते, धुवायला सोपी, पण मानेला घाम आणते. मऊ सुती धागा घेतला तर गळपट्टा ऑक्टोबर सोडून अकराही महिने चालतो. फक्त सूत ताणत नाही, तेव्हा टाके दहाएक जास्त घालावेत. फार केसाळ लोकर पहिल्या खेपेला टाळा. केबलवरचे वेढे त्यात दिसत नाहीत आणि रूळ कुठे ओलांडतात हे कळायला मार्ग उरत नाही. फिकट रंग घ्या, काळा तर मुळीच नको.

घरात फक्त सरळ सुया असतील तर थांबू नका. दहा इंच रुंद पट्टी विणा, अर्धा पीळ द्या, टोकं जोडा. जोडण्याआधी कडेवर बोट फिरवून दोन फेऱ्यांत परत येतं का ते पाहा. एका फेरीत आलं तर पीळ पूर्ण पडला आहे किंवा पडलाच नाही. गोल सुई घेणार असाल तर पोनी काय किंवा निटप्रो काय, दोन्ही भारतातच बनतात, परदेशातून मागवायची गरज नाही. केबल मात्र एकशेवीस सेंटीमीटरची, लवचिक, आणि सुईशी सांधा गुळगुळीत असलेली घ्या. दुकानदार ऐंशीची पुढे करेल, चालेल म्हणेल. स्वेटरला चालेल, या गळपट्ट्याला ती पुरत नाही.